शेड म्हणजे नेमकी कोणती?

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या मेहुण्यांचा निरोप आला, "उद्या सकाळी शेड बघायला जायचंय, तूही चल." घराला रंग देण्याचे त्यांचे दोन महिन्यांपासून घाटत होते, त्यामुळे हॉलच्या भिंतीला कोणता रंग शोभेल याचा मनाशी विचार करून मी त्यांच्या घरी पोहोचलो. ते मात्र गाडीची किल्ली हातात घेऊन दारातच उभे होते, आणि आम्ही निघालो ते थेट भोसरीला, एमआयडीसीत भाड्याने मिळणारी पत्र्याची शेड पाहायला. तिथे जागेच्या मालकांनी इतर गुणांबरोबर या भागात लोडशेडिंगचा त्रास फारसा नसल्याचेही सांगितले. परतताना रस्त्यालगतच्या रोपवाटिकेत बहिणीसाठी दोन कुंड्या घेतल्या, तेव्हा नर्सरीवाल्याने "ही रोपं शेडनेटमधली आहेत, एकदम उन्हात ठेवू नका" असे बजावले. घरी आलो तर भाची एलिमेंटरीच्या परीक्षेसाठी तांब्याच्या चित्राला पेन्सिलने शेडिंग करत बसली होती.

एका सकाळीत एकच शब्द इतक्या जणांच्या तोंडून ऐकला, आणि कोणाचाही गोंधळ झाला नाही. झाला तो फक्त माझा, तोही निरोपात शेडच्या मागेपुढे काही नव्हते म्हणून. मात्र हा एकच शब्द मुळात एक नाही. इंग्रजीत हे तीन निरनिराळे शब्द आहेत, आणि त्यांतले दोन बहुधा पूर्वी एकच होते. त्यांची ताटातूट कशी झाली आणि मराठीत येऊन ते पुन्हा एकाच छपराखाली कसे आले, ही गोष्ट सावलीइतकीच लांबत जाणारी आहे.

आधी उच्चाराचे पाहू. सावली किंवा रंगाची छटा या अर्थाच्या इंग्रजी शब्दात स्वर ओढला जातो, साधारण 'शेइड' असा. पत्र्याच्या छपराचा शब्द मात्र तोकडा, झटक्यात संपणारा 'शेड' आहे. मराठीला ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' यांत फरक करण्याची सवय नाही, आणि देवनागरीत त्यासाठी वेगळी मात्राही आपण वापरत नाही. त्यामुळे दोन्ही शब्द कानाला आणि डोळ्याला सारखेच झाले. भरीस भर म्हणजे आपण दोघांनाही स्त्रीलिंगच दिले. शेड टाकली आणि शेड निवडली या दोन वाक्यांत पत्रा कोणता आणि गुलाबी रंग कोणता, हे केवळ क्रियापदावरून ओळखावे लागते.

आता मुळाकडे जाऊ. जुन्या इंग्रजीत सावलीला 'स्केआदू' असा शब्द होता. संस्कृत शब्दाला जशा विभक्ती लागतात, तशा या शब्दालाही लागत असत. प्रथमेचे जे रूप होते त्यातून पुढे 'शेइड' निघाला, आणि इतर विभक्त्यांत 'व'कार येऊन जे रूप होत असे, त्यातून 'शॅडो' निघाला. म्हणजे शेइड आणि शॅडो हे दोन शब्द नसून एकाच शब्दाची दोन विभक्तिरूपे आहेत, जी विभक्ती गळून गेल्यावर अनाथ झाली आणि मग आपापला संसार मांडून बसली. आपल्याकडे 'घर' आणि 'घरा' यांना उद्या कोणी दोन स्वतंत्र शब्द मानून दोन वेगळे अर्थ द्यावेत, तसा हा प्रकार आहे.

तिसरे भावंड म्हणजे छपराची शेड. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो, आणि तो 'शेइड'चेच बोलीतले रूप असावे असे बहुतेक कोशकार मानतात. सावली देणारी ती शेड, इतका हा साधा हिशेब आहे. पुढे ही शेड कारखान्यांची झाली, गुरांची झाली, रेल्वेची झाली. घोरपडीला डिझेल इंजिनांची देखभाल होते ती लोको शेड, सोसायटीत दुचाकींवर पत्रे ठोकतात ती पार्किंगची शेड, आणि शेतकऱ्याच्या तोंडी असलेली कोंबड्यांची शेड हीही तीच. मुळात उन्हापासून आडोसा देणाऱ्या शब्दाचा पत्र्याशी इतका घट्ट संबंध जडला आहे, की आज शेड म्हटले की कोणालाही सावली आठवत नाही, पत्रा आठवतो.

लोडशेडिंगमधले 'शेड' मात्र या घराण्यातले नाही. ते एक क्रियापद असून त्याचे मूळ वेगळे करणे, विभागणे असे आहे, आणि त्यातूनच गाळणे, टाकून देणे हा अर्थ आला. झाड पाने गाळते, साप कात टाकतो, माणूस अश्रू ढाळतो, आणि वीजमंडळ भार उतरवते, त्या सगळ्याला इंग्रजीत हेच क्रियापद चालते. भारनियमन हा मराठी शब्द अर्थाने चोख असूनही वर्तमानपत्राबाहेर फारसा पडला नाही. २००६ च्या सुमारास शहरातल्या उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवून जाळ्यावरचा भार हलका करण्याची योजना 'पुणे मॉडेल' या नावाने गाजली, तेव्हाही लोक बोलत होते ते लोडशेडिंगबद्दलच. भाचीचे पेन्सिलचे शेडिंग आणि विजेचे शेडिंग यांचा एकमेकांशी संबंध असला तर तो इतकाच, की दोन्हींत शेवटी काळोख पडतो.

इंग्रजीचे हे झाले. आपल्या सावलीचे काय? सावली हा शब्द अस्सल मराठी वाटतो आणि छाया संस्कृत वाटतो, पण दोघी एकाच घरच्या आहेत. हिंदीत जिथे 'छ' येतो तिथे मराठीत अनेकदा 'स' सापडतो: हिंदीतली छाल ती आपली साल, छुरी ती सुरी, छोडना ते सोडणे, छह ते सहा, आणि मछलीचा आपण मासा केला. त्याच चालीने हिंदीतली छाँव आणि मराठीतली सावली या दोघी छायेच्याच लेकी ठरतात. छायेचे आणखी एक दूरचे नाते ग्रीक भाषेतल्या 'स्किया' या सावलीवाचक शब्दाशी आहे. खारीला इंग्रजीत जे 'स्क्विरल' म्हणतात, ते याच स्कियापासून आल्याची व्युत्पत्ती परंपरेने सांगितली जाते: जिच्या शेपटीची सावली तिच्याच अंगावर पडते ती. सेतू बांधताना रामाची बोटे उमटवून घेणारी आपली खार अशी शब्दाच्या आडवाटेने आपल्या सावलीची नातलग निघते, याची मला गंमत वाटते. इंग्रजी शेइडचे नाते मात्र स्कियाशी सरळ जुळत नाही. ते ग्रीकमधल्या 'स्कोटोस' म्हणजे अंधार या शब्दाशी जोडले जाते.

शेइड आणि शॅडो वेगळे झाल्यावर इंग्रजीने त्यांच्यात कामाची वाटणी केली. जिथे थेट ऊन पोहोचत नाही तो भाग म्हणजे शेइड, आणि एखाद्या वस्तूने अडवलेल्या उजेडाची जमिनीवर किंवा भिंतीवर उमटलेली आकृती म्हणजे शॅडो. पहिलीत बसता येते, दुसरीकडे बोट दाखवता येते. मराठी माणूस सावलीत बसतोही आणि सावलीकडे बोटही दाखवतो. फरक करायची वेळ आली तर आपल्याकडे पडछाया आहे, आणि चित्रकलेचे शिक्षक तो शब्द अगदी नेमका वापरतात: तांब्याच्या पोटावर उजेडाच्या उलट बाजूला जो काळोख चढत जातो ती छाया, आणि तांब्यामुळे टेबलावर पडते ती पडछाया. भाचीच्या चित्रात पडछाया सुरेख होती, पण पोटावरची छाया तिने इतकी रगडली होती की तांब्या तव्यासारखा दिसत होता. सहा-बीची पेन्सिल मुलांच्या हाती पडली की हे व्हायचेच.

सावलीची कडा नीट पाहिली तर ती कधीच रेघेसारखी नसते. सूर्य आकाशात ठिपक्याएवढा नसून सुमारे अर्ध्या अंशाच्या थाळीएवढा दिसतो, त्यामुळे कडेच्या भागात त्या थाळीचा काही हिस्सा झाकला जातो आणि काही उघडा राहतो. पूर्ण झाकलेला गडद भाग म्हणजे प्रच्छाया आणि अर्धवट झाकलेला फिकट भाग म्हणजे उपच्छाया. शाळेत ग्रहणाच्या धड्यात पाठ केलेले हे दोन शब्द आपल्याच अंगणात रोज दिसतात. हाताचा पंजा भिंतीच्या जवळ धरला तर बोटे स्पष्ट दिसतात आणि लांब नेला तर विरघळतात, याचे कारण तेच. झाडाखाली पानांच्या फटींतून येणारे उजेडाचे गोल ठिपके हीसुद्धा सूर्याचीच चित्रे असतात. फट वाकडीतिकडी असली तरी ठिपका गोलच पडतो, कारण तो फटीचा आकार नसून सूर्याचा आकार असतो. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी खंडग्रास ग्रहणाच्या वेळी जिथे ढग आड आले नाहीत, तिथे झाडांखाली या ठिपक्यांच्या चंद्रकोरी झाल्या. या ठिपक्याला मराठीत कवडसा म्हणतात. इंग्रजीला त्यासाठी दोन-तीन शब्दांची मोळी बांधावी लागते. झाडांतून गाळून येणाऱ्या उजेडासाठी जपानी भाषेत असलेल्या 'कोमोरेबी' या शब्दाचे सध्या मोठे कौतुक होते, आणि ते करणाऱ्यांत पुष्कळसे मराठी लोक आहेत ज्यांच्या आजीच्या माजघरात रोज कवडसा पडत असे.

सावली हरवण्याचेही दिवस असतात. पुण्याचे अक्षांश सुमारे साडेअठरा अंश उत्तर आहेत, आणि सूर्य उत्तरेकडे सरकताना व परतताना असा वर्षातून दोनदा शहराच्या बरोबर माथ्यावर येतो. पहिल्यांदा तो १३ मेच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या सुमारास येतो, तेव्हा उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडातच जिरते. दुसरी संधी जुलैच्या अखेरीस असते, पण तेव्हा पुण्यात सूर्यच दिसेल याची खात्री नसते.

आपल्याला रोज जे तापमान सांगितले जाते तेही सावलीतलेच असते. हवामान खात्याचा तापमापक उन्हात टांगलेला नसतो. झडपांसारख्या फळ्यांच्या, पांढऱ्या रंगाच्या लाकडी पेटीत तो ठेवतात, जेणेकरून वारा आत-बाहेर खेळेल पण ऊन लागणार नाही. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटलंडमधल्या दीपगृहांच्या अभियंत्याने तयार केली. शिवाजीनगरला हवामान खात्याचे जे आवार आहे, त्याला जुने पुणेकर आणि बसचे वाहक अजूनही सिमला ऑफिस म्हणतात, कारण खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आले होते. तेव्हा बातम्यांत ४० अंश असे ऐकल्यावर आपण जी सावली शोधतो, तिच्यातही हवा ४० अंशांचीच असते. सावली हवेचे तापमान फारसे उतरवत नाही. ती आपल्या अंगावर येणारे सूर्याचे थेट प्रारण अडवते, आणि त्वचेला तेवढ्यानेच हायसे वाटते.

रंगाकडे येऊ, कारण शेड या शब्दाचा सर्वाधिक खप तिथेच आहे. रंगांच्या शास्त्रात या शब्दाला अगदी काटेकोर अर्थ आहे. मूळ रंगात काळा मिसळला की त्याची शेड होते, पांढरा मिसळला की टिंट होते, आणि करडा मिसळला की टोन होतो. व्यवहारात हे कोणी पाळत नाही, आणि रंगांच्या दुकानात तर याचा गमतीदार उलटा प्रकार चालतो. दुकानदार आपल्यापुढे शेडकार्ड उघडतो, आपण त्यातल्या एखाद्या फिक्या पिस्त्यावर बोट ठेवतो, मग तो पांढऱ्या बेसचा डबा उघडून यंत्राखाली धरतो आणि आकड्यानुसार रंगाचे थेंब त्यात पडतात. पांढऱ्यात रंग मिसळून तयार होणारी ती वस्तू शास्त्राप्रमाणे टिंट असते. यंत्राला टिंटिंग मशीन म्हणतात ते बरोबरच आहे. खोटे बोलते ते कार्ड. मेहुण्यांच्या हॉलचा रंग अखेर जूनच्या तोंडावर ठरला तेव्हा आमच्या रंगाऱ्याने एक व्यवहारज्ञान दिले, "साहेब, कार्डावर आवडली त्याच्या एक शेड खालची घ्या, भिंतीवर चढली की डार्क दिसते." चार बोटांच्या कागदावरचा रंग चार भिंतींवर पसरला की तो एकमेकांवर परावर्तित होऊन भरीव दिसू लागतो. मेहुण्यांनी ऐकले नाही, आणि त्यांच्या हॉलमध्ये आता आंब्याच्या पेटीत बसल्यासारखे वाटते.

मराठीने मात्र छटा सांगण्याची स्वतःची व्यवस्था फार पूर्वीच लावून ठेवली आहे, आणि ती शेडच्या मानाने कितीतरी बारकाईची आहे. लक्ष्मी रस्त्यावरच्या कोणत्याही साडीच्या दुकानात जुना विक्रेता असला तर तो शेड म्हणत नाही, तो थेट नाव घेतो: अबोली, आमसुली, अंजिरी, डाळिंबी, वांगी, मोरपंखी, शेवाळी, श्रीखंडी, गुलबक्षी, चिंतामणी. यांतली प्रत्येक छटा कोणत्या ना कोणत्या वस्तूला बांधलेली असल्यामुळे फिकी-गडद असा वाद उरत नाही. आमसूल किती तांबडे आणि किती काळे असते हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेऊन विणलेल्या वस्त्राचा पदर हलवला की दोन्ही रंग आलटून पालटून दिसतात, त्याला धूपछाव म्हणतात. ऊन आणि सावली एकाच कापडात विणून त्या वस्त्राला त्यांचेच नाव देण्याची ही कल्पना डबल शेडमध्ये उतरत नाही.

त्याहून मला नवल वाटते ते प्रत्ययांचे. निळ्याची हलकी झाक असली तर निळसर, तांबड्याची असली तर तांबूस, पांढऱ्याची असली तर पांढुरका, आणि पिवळ्याचे पिवळसरही होते व पिवळटही होते. हे दोन शब्द एकच रंग सांगत नाहीत. सकाळचे ऊन पिवळसर असते, पण दात पिवळट असतात; ढग काळसर असतात, पण न घासलेले पातेले काळपट असते. 'सर' नुसती छटा सांगतो, 'ट' तिच्याबद्दल आपले मतही सांगतो. शेडच्या शेजारी कितीही लाइट-डार्क ठेवले तरी हे मत त्यातून व्यक्त होत नाही. आणखी एक चूक इथे सांगून टाकतो: सावळा या शब्दाचा सावलीशी संबंध नाही. तो श्यामल पासून आला आहे, त्याचा 'ळ' वेगळा आहे, आणि आषाढात पालख्या शहरातून जाताना ज्या सावळ्याचा गजर होतो तो सावलीत उभा असल्यामुळे सावळा झालेला नाही.

छटा या शब्दाने रंगातून अर्थाकडे उडी घेतली ती मराठीतही आणि इंग्रजीतही. शब्दाची अर्थच्छटा म्हणतो तेव्हा आपण शब्दांनाही रंगासारखे फिके-गडद मानतो. राग, संताप, चीड, वैताग, त्रागा हे सगळे एकाच रंगाच्या पट्टीवर आहेत, पण त्रागा करणाऱ्याला वैतागलेला म्हटले तर तो अधिकच त्रागा करतो. नाटकांच्या परीक्षणांत हल्ली ग्रे शेडची भूमिका असे सर्रास छापले जाते. करड्या छटेची भूमिका म्हणायला काहीच हरकत नाही, परंतु त्यात एक अडचण आहे. इंग्रजीतला करडा हा पांढऱ्या-काळ्याच्या, म्हणजे भल्या-बुऱ्याच्या मधला आहे, आणि मराठीत करडी नजर ही कठोर नजर असते. त्यामुळे करड्या छटेचा नायक वाचकाच्या मनात संमिश्र स्वभावाचा न ठरता मुख्याध्यापकासारखा उभा राहतो.

संगणकानेही हा शब्द चित्रकाराकडूनच उचलला. पडद्यावरची गोल वस्तू खरोखर गोल वाटावी यासाठी तिच्या प्रत्येक बिंदूवर किती उजेड पडतो याचे गणित मांडावे लागते, आणि ते कसे मांडावे याच्या दोन प्रसिद्ध पद्धती अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात तयार झाल्या, १९७१ मध्ये हेन्री गुरो यांची आणि १९७५ मध्ये बुई तुओंग फोंग यांची. आज गेम बनवणारे तरुण ज्याला शेडर म्हणतात तो याच गणिताचा वंशज आहे. भाची पेन्सिलने जे करते तेच तो करतो, फक्त सेकंदाला साठ वेळा.

आता सावलीच्या अंधाऱ्या बाजूकडे. इंग्रजीत शेइड म्हणजे मृताचा आत्माही होतो, पाताळात वावरणारी, रक्तमांस नसलेली आकृती. मराठीत त्या जागी सावट हा शब्द उभा राहतो. मूळचा तो भुताखेतांच्या परिसरातला, पण आता बातम्यांच्या मथळ्यांनी त्याला दत्तक घेतले आहे: सणावर पावसाचे सावट, लग्नसराईवर महागाईचे सावट. आपल्या पुराणात तर छाया ही साक्षात एक स्त्री आहे. सूर्याचे तेज सहन न होऊन त्याची पत्नी संज्ञा आपल्या जागी आपली छाया ठेवून निघून गेली, आणि त्या छायेला सूर्यापासून झालेला पुत्र म्हणजे शनी. शनिपाराच्या गर्दीत शनिवारी तेल वाहणारे अनेकजण 'छायामार्तण्डसंभूतं' हे शब्द म्हणतात, म्हणजे उन्हाच्या आणि सावलीच्या मुलाला नमस्कार करतात. भानगडीच्या, ज्याच्या व्यवहाराला उजेड सहन होत नाही अशा माणसाला इंग्रजीत 'शेडी' म्हणतात. आपल्याकडे त्याला दोन नंबरचा म्हटले की काम भागते.

सावलीचा एक अर्थ मात्र इंग्रजी कोशात सापडणार नाही, आणि तो या शहराच्या इतिहासात आहे. पेशवाईत अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला जात असे. समोरून सवर्ण हिंदू येत असेल तर त्याच्यावर आपली सावली पडू नये म्हणून अस्पृश्याला सार्वजनिक रस्ता वापरण्याची मुभा नव्हती, आणि राजधानी असलेल्या पुण्यात त्याला कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये लिहून ठेवले आहे. माझ्या एका सहकाऱ्याने मला सांगितले होते की त्यांची आजी संध्याकाळी चालताना, सावल्या लांब झाल्या की, रस्त्याच्या अगदी कडेला सरकत असे. गावाकडची ही सवय तिच्या पायांत शहरात आल्यावरही राहिली होती. सावली या शब्दाला मायेची सावली म्हणताना जो गोडवा येतो, त्याच्या शेजारी हा अर्थही ठेवला पाहिजे, कारण दोन्ही अर्थ इथल्याच भाषेचे आहेत.

मायेची सावली, वडिलांचे छत्र, गुरूची छत्रछाया हा मोठ्यांच्या आश्रयाचा अर्थ आपल्याकडे फार प्रबळ आहे. त्याला उन्हाळ्याचे कारण असावे. जिथे ऊन हवेहवेसे असते तिथे सावली देणाऱ्याचे इतके कौतुक होत नाही. इंग्रजीत कोणाला सावलीत ढकलणे म्हणजे त्याला फिके पाडणे, आणि सावलीसाठीच्या लॅटिन 'उंब्रा' या शब्दावरून तिथे जशी उन्हासाठीची अंब्रेला आली, तसाच मनाला लावून घेणे या अर्थाचा 'अंब्रिज' हा शब्दही आला. आपली छत्री 'छद्' म्हणजे झाकणे या धातूवरून आली आहे, आणि तिचा पसारा वेगळाच आहे. वानवडीला महादजी शिंद्यांची जी छत्री आहे, ती ना ऊन अडवण्यासाठी ना पाऊस. १७९४ मध्ये तिथेच निधन पावलेल्या एका मुत्सद्द्याची ती समाधी आहे. पहिल्यांदा पुण्यात आलेल्या मित्राला मी रिक्षावाल्याला "शिंदे छत्री" असे सांगायला शिकवले, तेव्हा ती दुकानाची खूण असावी असे त्याला वाटले होते.

अलीकडे तरुणांच्या बोलण्यात 'शेड फेकणे' किंवा 'शेड देणे' ऐकू येते. हा प्रयोग न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन समलिंगी व पारलिंगी समाजाच्या बॉलरूम संस्कृतीतून, म्हणजे त्यांच्या वेशभूषा, चाल आणि नृत्याच्या स्पर्धांतून आला. त्या स्पर्धांत प्रतिस्पर्ध्याचे उणे काढण्याच्या कलेत दोन पायऱ्या मानल्या जात: उणे नेमके बोलून दाखवणे ही पहिली, आणि ते न बोलता समोरच्याला कळेल अशी व्यवस्था करणे ही दुसरी. या दुसरीलाच शेड म्हणतात. पुणेकराला ही कला परकी नाही. दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये, ही सूचना झाली. त्याखाली 'येथे सुशिक्षित लोक राहतात, येणारेही तसेच असतील अशी अपेक्षा' असे लिहिले की ती शेड झाली. मराठीत टोमणा आहे, पण टोमणा मारताना आवाज होतो. खवचटपणा हा त्याहून जवळचा शब्द आहे, आणि तो हसतमुखाने केला जातो.

उरलेले अर्थ किरकोळ आहेत. गॉगलला अमेरिकेत शेड्स म्हणतात. दिव्यावरची लॅम्पशेड आपण तशीच ठेवली. नाइटशेड हे वनस्पतींचे एक कुळ असून त्यात वांगी, बटाटा, टोमॅटो, मिरची आणि धोतरा हे सगळे येतात, आणि आरोग्यविषयक सल्ल्यांत नाइटशेड वर्ज्य करा असे वाचून घाबरणाऱ्यांनी आपण काल भरली वांगी खाल्ली होती हे आठवावे. शेडनेटवरचा ५० टक्के किंवा ७५ टक्के हा आकडा साधारण किती प्रकाश अडवला जातो ते सांगतो, किती आत येतो ते नव्हे. आणि इंग्रजीत 'एक शेड जास्त' म्हणजे किंचित जास्त. त्यासाठी मराठीत अंमळ हा देखणा शब्द असून तो आता फक्त विनोदी लेखांत उरला आहे.

भोसरीच्या त्या शेडचे सांगायचे राहिले. सकाळी अकराला आम्ही आत शिरलो तेव्हा सावली भरपूर होती, ऊन कुठूनही येत नव्हते, तरी दोन मिनिटांत शर्ट पाठीला चिकटला. पत्रा ऊन अडवतो, पण ते स्वतः पिऊन तापतो आणि मग तोच खालच्या माणसावर उष्णता फेकू लागतो. झाडाचे तसे नसते. पाने ऊन अडवतात आणि त्याच वेळी पाणी बाष्पाच्या रूपात सोडून स्वतःला थंड ठेवतात, म्हणून वडाखालची सावली आणि पत्र्याखालची सावली तापमापकाला जवळपास सारखी भासली तरी डोक्याला सारखी भासत नाही. मालक भाड्याचे आणि अनामत रकमेचे बोलत असताना मेहुण्यांनी त्यांना मध्येच विचारले, "एवढी मोठी शेड आहे, मग तुमचा वॉचमन बाहेर का बसतो?" फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली प्लॅस्टिकची खुर्ची होती, आणि तिच्या पायांनी मातीत उमटलेले खळगे बुंध्याभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे अर्धवर्तुळात गेलेले होते. वॉचमनने उठून खुर्ची वीतभर पुढे सरकवली आणि पुन्हा बसला.